जाहीरनाम्याआधीच ‘फरार’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या महिन्यात ‘सहा वर्षांपासून फरार आरोपी जेरबंद’ अशी दोन कॉलमी बातमी आली होती. गुप्त बातमीदाराकडून खात्रीलायक माहिती मिळाली, पथकाने सापळा रचला आणि आरोपीच्या मुसक्या आवळल्या, असा तिचा मजकूर होता. सोबत फोटो. चार पोलीस, आणि मध्ये तोंडाला रुमाल बांधून उभा केलेला एक माणूस. त्या माणसाचे वकीलपत्र माझ्याकडे आहे. त्याला विचारूनच हे पत्र लिहिते आहे. त्याचे नाव-गाव मात्र देत नाही, कारण जेवढी नाचक्की व्हायची तेवढी होऊन गेली आहे.

तो ऊसतोड मजूर आहे. बालाघाटाच्या डोंगरात तीन एकर कोरडवाहू जमीन, त्यात चार भावांचा हिस्सा. दसरा झाला की नवरा-बायको, म्हणजे मुकादमाच्या भाषेत एक कोयता, टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर जातात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की चैत्र-वैशाखात परत येतात. आमच्या जिल्ह्यातल्या हजारो घरांचे वर्ष असेच दोन तुकड्यांत जाते. सहा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात चुलत्यांशी बांधावरून भांडण झाले. काठ्या निघाल्या, एकाच्या डोक्याला टाके पडले. बांधाच्या भांडणात फिर्याद देताना समोरच्या घरातल्या सगळ्या पुरुषांची नावे घालायची रीतच आहे. तशी चारही भावांची नावे आली. भारतीय दंड विधानाची कलमे ३२४, ३२३, ५०४, म्हणजे मारहाण आणि शिवीगाळ, आणि जोडीला ३४, म्हणजे सगळ्यांचा समान इरादा. पोलिसांनी बोलावले, जबाब घेतले, जामिनावर सोडले. हाही गेला होता, सही करून आला होता. पावसाळा संपला, तो कारखान्यावर गेला आणि इकडे दोषारोपपत्र कोर्टात दाखल झाले.

आता त्या खटल्याच्या संचिकेत काय आहे ते सांगते. मी नक्कल काढून घेतली आहे. पहिले समन्स मार्गशीर्षात निघाले. त्याच्या पाठीमागे हवालदाराने लिहिले आहे, ‘सदर इसम ऊसतोडीकामी बाहेरगावी गेला असल्याने मिळून आला नाही.’ खरे तेच लिहिले आहे, त्याला मी दोष देत नाही. दुसरे समन्स माघात. त्यामागचा शेरा, ‘सदर इसम घरी मिळून आला नाही.’ ऊसतोडीचे शब्द गळाले. मग जामीनपात्र वॉरंट निघाले. शेरा, ‘मिळून येत नाही.’ मग अजामीनपात्र वॉरंट. त्याच्यावर पुढच्या वर्षीच्या थंडीत, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात, शेरा आहे, ‘आरोपी फरार आहे.’ चार कागद, आणि प्रत्येक कागदावर माणूस कुठे आहे हे थोडे थोडे कमी होत गेले. शेवटच्या कागदावर फक्त एक शब्द उरला, आणि तोच पुढे प्रेस नोटमध्ये आला, तोच तुम्ही छापला.

या सगळ्या काळात तो लपला होता का? कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी गेली की पावती फाटते. तिच्यावर तारीख असते, टोळीचा क्रमांक असतो, टनांत वजन असते. त्याच्या मुकादमाने हिशेबासाठी त्या पावत्या वर्षावर्षाच्या सुतळीत ओवून ठेवल्या होत्या. मी त्या कोर्टात दाखल केल्या. ज्या तारखेला ‘मिळून येत नाही’ असा शेरा मारला गेला, त्याच तारखेला त्याच्या टोळीचा ऊस काट्यावर उतरला आहे. चिटबॉयला, म्हणजे तोडीची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, त्याचा फड माहीत होता, मुकादमाला त्याची कोपी, म्हणजे झोपडी, माहीत होती, शेजारच्या किराणा दुकानदाराला त्याची उधारी माहीत होती. आणि पावसाळ्यात तर तो स्वतःच्या घरीच होता. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लावून धान्य घेत होता. ग्रामपंचायतीला मतदान केले, तेव्हा केंद्रावर बंदोबस्ताला त्याच ठाण्याचा शिपाई होता. आषाढात, वैशाखात एकही वॉरंट त्याच्या दारी आले नाही. सगळी निघाली ती मार्गशीर्ष ते फाल्गुन या दिवसांत, आणि या दिवसांत आमच्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे सोडली तर कोणी नसते.

‘सापळा रचून’ म्हणजे काय झाले तेही लिहिते. निवडणूक किंवा सण जवळ आला की पडून असलेली वॉरंटे बजावण्याची मोहीम निघते. ती निघायलाच हवी. तशा मोहिमेत ठाण्याची गाडी सकाळी वाडीवर आली. हा पेरणीच्या घाईत होता, बियाण्याची पिशवी बांधावर ठेवून रान सारखे करत होता. नाव विचारले, त्याने सांगितले. चला म्हणाले, तो गेला. पळाला नाही, ओरडला नाही, कोणती केस हेही त्याला गाडीत बसल्यावर कळले. तीन भाऊ त्याच खटल्यात पुराव्याअभावी केव्हाच निर्दोष सुटले होते. याचे नाव वेगळे काढून ठेवलेले, फाईल डॉर्मंटमध्ये, म्हणजे आरोपी सापडेपर्यंत बाजूला पडून राहणाऱ्या खटल्यांत, गेलेली. भाऊ सुटले म्हणजे आपणही सुटलो, असे तो धरून चालला होता. न शिकलेल्या माणसाला खटला वेगळा काढणे म्हणजे काय हे कोण सांगणार?

वॉरंट रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. दंड भरला, जामीन झाला, खटला आता चालू होईल. कोर्टात हे काम दुपारपर्यंत उरकले. बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी आली आणि तिचे काम अजून चालू आहे. मुकादमाने यंदाची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, द्यायला नकार दिला. ‘फरार माणूस टोळीत घेऊन उद्या पोलीस फडात आले तर?’ हे त्याचे म्हणणे. मुलीची सोयरीक ठरत आली होती, पाहुण्यांनी कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून फक्त एक प्रश्नचिन्ह टाकले. धाकटा नववीत आहे, तो आठवडाभर शाळेत गेला नाही.

संपादक महोदय, ‘फरार’ या शब्दाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते एवढे सांगितल्याशिवाय नीट समजले नसते.

मूळ अरबी शब्दाचा अर्थ पळ, पलायन. फारसीतून तो आपल्याकडे आला, दप्तरांत रुळला. मराठीत ‘फरार होणे’ ही क्रिया आहे आणि ‘फरारी’ ही त्या माणसाची ओळख. दोन्हींत एक गोष्ट गृहीत आहे. माणसाला ठाऊक आहे की आपल्याला पकडायला कोणी येणार, आणि म्हणून तो जाणूनबुजून निघून गेला किंवा दडून बसला. नुसता न सापडलेला माणूस फरार होत नाही. गावाला गेलेला, कामाला गेलेला, दवाखान्यात पडलेला, पत्ता बदललेला, ज्याला केसच माहीत नाही असा, यांपैकी कोणीही फरार नाही. ‘मिळून न येणे’ ही पोलिसांची अडचण झाली. ‘फरार असणे’ हे आरोपीचे कृत्य झाले. पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही.

कायद्यानेही हे अंतर जपले आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ८२ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिचे कलम ८४ तेच सांगते. आधी वॉरंट निघालेले असले पाहिजे. मग तो माणूस फरारी झाला आहे किंवा वॉरंट बजावता येऊ नये म्हणून लपून राहिला आहे, असे मानायला कोर्टाला कारण दिसले पाहिजे. मग कोर्ट उद्घोषणा काढते, आम्ही कोर्टात तिला जाहीरनामा म्हणतो. त्यात हजर राहण्याचे ठिकाण आणि वेळ द्यायची, आणि त्यासाठी निदान ३० दिवस द्यायचे. हा जाहीरनामा तो माणूस ज्या गावात नेहमी राहतो तिथे ठळक जागी मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याच्या घराच्या दर्शनी भागावर किंवा गावातल्या ठळक जागी डकवायचा आणि एक प्रत कोर्टाच्या इमारतीत लावायची. कोर्टाला वाटले तर वर्तमानपत्रातही छापायला सांगते. इतके होऊनही तो आला नाही, तर पुढची पावले. त्यातही ‘घोषित अपराधी’ हा शिक्का आता फक्त दहा वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या, जन्मठेपेच्या किंवा देहदंडाच्या गुन्ह्यांतच मारता येतो, आणि तोही चौकशी करून. आमच्या माणसाच्या संचिकेत जाहीरनामाच नाही. कोर्टाने त्याला कधीही फरारी म्हटलेले नाही. तो शब्द एका शेऱ्यातला आहे.

आणि ‘ज्या गावात नेहमी राहतो’ हे शब्द वाचताना मला दरवेळी प्रश्न पडतो. वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत काढणाऱ्या माणसाचे नेहमीचे गाव कोणते? कुलूप लावलेल्या दारावर डकवलेला कागद तो वाचणार कधी? वाऱ्याने, पोरांनी, शेळ्यांनी तो कागद किती दिवस ठेवला? समन्स आणि वॉरंटे ऊसतोडीच्या हंगामात न काढता पट्टा पडल्यावर काढावीत, किंवा निदान मुकादमामार्फत कारखान्याच्या पत्त्यावर पाठवावीत, अशी विनंती मी आमच्या वकील संघातर्फे वरिष्ठांकडे केली आहे. तो वेगळा विषय आहे, तुम्हाला त्यात करण्यासारखे फारसे नाही. तुमच्या हातात आहे तो शब्द.

हा शब्द नुसता बदनामीचा असता तरी मी एवढे लांब पत्र लिहिले नसते. त्याचे कायद्यातले परिणाम जड आहेत. जाहीरनामा निघूनही हजर न राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. घोषित अपराधी ठरला तर सात. मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. फरारी घोषित झालेल्याला अटकपूर्व जामीन सहसा द्यायचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये सांगितले आहे. नव्या संहितेच्या कलम ३५६ ने तर घोषित अपराध्याचा खटला त्याच्या पाठीमागे चालवून निकालही देता येतो. त्याआधी त्याच्या शेवटच्या ठाऊक पत्त्याच्या भागात खपणाऱ्या दैनिकात नोटीस द्यावी लागते. म्हणजे उद्या तुमच्याच पानावर एका कोपऱ्यात कोर्टाची ती नोटीस असेल आणि दुसऱ्या कोपऱ्यात प्रेस नोटवरून उचललेली ‘फरार’ची बातमी असेल. पहिलीच्या मागे न्यायाधीशांची सही आहे, दुसरीच्या मागे कुणाची? वाचकाला दोन्हींतला फरक कसा कळणार? आणि जामीन अर्जावर युक्तिवाद करताना कात्रण दाखवणारे असतात. कोर्ट कात्रणाला पुरावा मानत नाही, पण ते वाचले जातेच.

ज्यांना हा शब्द लावायला यंत्रणेने पूर्ण वेळ घेतला त्यांची एक नोंद करते. विजय मल्ल्या यांनी २ मार्च २०१६ रोजी देश सोडला. बँकांचे कर्ज हजारो कोटींचे. २०१८ मध्ये खास ‘फरारी आर्थिक गुन्हेगार’ कायदा आला, तो १०० कोटी आणि त्याहून मोठ्या गुन्ह्यांना लागू आहे. त्याखाली अर्ज झाला, मल्ल्या यांच्या वकिलांना पूर्ण ऐकले गेले आणि ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना फरारी आर्थिक गुन्हेगार घोषित केले. देश सोडल्यापासून जवळजवळ तीन वर्षांनी. नीरव मोदी यांच्याबाबतही तो आदेश डिसेंबर २०१९ मध्ये झाला. यात मला काही गैर वाटत नाही. माणसाला फरारी म्हणण्याआधी त्याचे म्हणणे ऐकायचे, हीच रीत आहे. तीच रीत बांधावरच्या भांडणातल्या माणसाला का नको? तुमच्याच पानांवर एखाद्या पुढाऱ्यावर गुन्हा दाखल झाला आणि ते सापडेनासे झाले की मथळा येतो ‘नॉट रिचेबल’. मजूर असेल तर पहिल्या दिवसापासून ‘फरार’. दोघांचीही अवस्था त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने सारखीच असते. हा भेद ठरवून कोणी करत असेल असे मी म्हणत नाही, पण वाचणाऱ्या पोराला तो दिसतो.

दोषारोपपत्राच्या जुन्या नमुन्यात फरारी आरोपींची नावे लाल शाईने लिहावीत अशी सूचना छापलेली असे. वकिली सुरू केली तेव्हा तशी पाने मी पुष्कळ पाहिली. लाल शाईतली आडनावे वाचत गेले की कोणत्या वस्त्यांवरची माणसे आहेत ते कळायचे. पारध्यांची पाले, भटक्यांच्या वस्त्या. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो वाढवत नेऊन जमातीच्या जमाती जन्मापासून नोंदवहीत घातल्या. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही, हजेरीला नसला तर तोच गुन्हा. कामाला गेला की फरारी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, म्हणून ती तारीख विमुक्त दिन म्हणून पाळली जाते. पण चोरी झाली की पहिली गाडी अजूनही पालावर जाते, आणि गाडीचा दिवा दिसला की पुरुष डोंगराकडे निघून जातात. मग बातमी येते, ‘संशयित फरार’. पळाला म्हणजे काहीतरी केले असणार, हा त्यातला ध्वनी. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच एका खुनाच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. गंभीर गुन्ह्यात खोटा संशय आला तर निरपराध माणूसही घाबरून अटक टाळायला बघतो, जीव वाचवण्याची ती उपजत ओढ आहे, म्हणून नुसत्या पळण्यावरून दोष ठरत नाही. आजोबांनी मार खाल्ला, बापाने मार खाल्ला, तो पोरगा का पळतो हे समजायला कोर्टाच्या निकालाचीही गरज पडू नये.

आमच्या जिल्ह्याला तर हे वेगळे सांगायला नको होते. १९४७-४८ मध्ये आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या भीतीने कुटुंबेच्या कुटुंबे रातोरात सरहद्दीपलीकडे गेली, गावे ओस पडली. माझ्या सासूबाई त्या वेळी लहान होत्या, त्या ‘आम्ही परागंदा झालो’ असे म्हणत. फरार झालो असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. तरुण पोरे सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहून लढत होती. निजामाच्या दप्तरी ती फरारी होती, गावाच्या तोंडी ती भूमिगत होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर त्याच माणसांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणालो, आणि दर वर्षी त्या तारखेला तुमच्या दैनिकाची पुरवणी त्यांच्यावर निघते. तिकडे सांगलीचा तुरुंग २४ जुलै १९४३ रोजी फोडून बाहेर पडलेले वसंतदादा पाटील पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले. आजच्या मारामारीतल्या किंवा चोरीतल्या आरोपीला या पंक्तीत बसवायचा माझा हेतू नाही. सांगायचे ते इतकेच की परागंदा, भूमिगत, बेपत्ता, पसार, तडीपार, फरारी असे एकेका अवस्थेसाठी वेगळे शब्द आपल्या भाषेत माणसांनी अनुभवातून घडवून ठेवले आहेत. ते सगळे सोडून आपण एकाच शब्दावर का येऊन थांबलो? तडीपार माणसाला तर सरकारनेच महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली जिल्ह्याबाहेर पाठवलेले असते. त्यालाही ‘फरार’ म्हणणारी बातमी मी वाचली आहे. हल्ली हिंदी वाहिन्यांवरून ‘भगोडा’ही यायला लागला आहे.

कोणी म्हणेल, वकीलबाई आरोपींचीच बाजू घेणार. मी फिर्यादीच्या बाजूनेही उभी राहते. एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात तिचा नवरा आणि सासरा खरोखर पळाले. घराला कुलूप, फोन बंद, जमीन नातेवाइकाच्या नावे करायची धावपळ चालू. त्या मुलीची आई महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या टेबलासमोर येऊन बसायची. तिच्यासाठी मी सरकारी वकिलांच्या मागे लागून जाहीरनामा काढायला लावला. शिपायाने तो गावच्या पारावर उभे राहून वाचला, दारावर चिकटवला, पंचांच्या सह्या घेतल्या. मुदत संपल्यावर जमिनीच्या जप्तीचा अर्ज झाला आणि मग सासरा आपल्या पायाने कोर्टात आला, पाठोपाठ नवरा. त्या दिवशी ‘फरारी’ या शब्दाला वजन होते, सातबाऱ्यावर बोजा चढवण्याइतके. त्या आईला हवा होता तो हाच शब्द, कोर्टाच्या तोंडून. ज्या गावात न सापडलेला प्रत्येक माणूस फरार म्हणून छापला जातो, तिथे खऱ्या फराऱ्याबद्दल कोणाला चीड येईनाशी होते. त्या बाईने एकदा मला विचारले होते, ‘पेपरात तर रोजच कोणी ना कोणी फरार असतो, मग माझ्या जावयाला कोण शोधणार?’

वार्ताहरांची अडचण मी जाणते. संध्याकाळी ठाण्यातून प्रेस नोट येते, त्यात शब्द तयार असतात, पान लावायची वेळ झालेली असते. पोलिसांनी लिहिले तेच आम्ही छापले, असे ते म्हणतात आणि ते खरेही आहे. पण पोलिसांना तो शब्द आपल्या कामाची दखल घेतली जावी म्हणून हवा असतो. ‘वॉरंटातील इसमास घरून आणले’ यापेक्षा ‘सहा वर्षांपासून फरार आरोपी जेरबंद’ हे वरिष्ठांना दाखवायला बरे दिसते. वर्तमानपत्राला ती गरज नाही. ठाण्यात फोन करून दोनच गोष्टी विचारल्या तरी पुरे, कोर्टाने जाहीरनामा काढला आहे का, आणि माणूस कुठून ताब्यात घेतला. जाहीरनामा नसेल तर ‘पोलीस शोध घेत आहेत’, ‘अद्याप अटक नाही’, ‘वॉरंट प्रलंबित होते’ असे साधे मराठी लिहावे. गुन्हा करून लोकांच्या डोळ्यांदेखत पळालेल्याला ‘पसार झाला’ म्हणावे, त्यात नुसती घडलेली गोष्ट येते. जाहीरनामा असेल तर खुशाल ‘न्यायालयाने फरारी घोषित केलेला’ असे पूर्ण लिहावे, कोणत्या न्यायालयाने तेही लिहावे. आणि ज्याला घरून, शेतातून, कामावरून आणले त्याच्या बाबतीत ‘सापळा’ हा शब्द वापरू नये.

आपल्या संपादकीय विभागात शब्दांच्या वापराचे काही नियम लेखी असतीलच. अत्याचारपीडितेचे नाव छापायचे नाही, अल्पवयीन आरोपीची ओळख द्यायची नाही, हे नियम आता उपसंपादकांच्या अंगवळणी पडले आहेत. त्यांच्याच शेजारी ‘फरार’ची एक ओळ घालावी, ही माझी मागणी आहे. शिवाय आपल्या संकेतस्थळावर ती बातमी फोटोसह अजून तशीच आहे. त्या माणसाचे नाव शोधले की पहिली तीच वर येते. वॉरंट रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत, संचिकेतल्या चारही शेऱ्यांच्या नकला आणि कारखान्याच्या वजनपावत्यांची छायाचित्रे मी या पत्रासोबत जोडली आहेत. ती पाहून संकेतस्थळावरची बातमी दुरुस्त करावी, आणि दुरुस्ती केल्याचे जिल्हा पानावर, त्याच जागी आणि त्याच आकारात छापावे. दसऱ्याला अजून अवकाश आहे. टोळ्यांच्या उचली याच दिवसांत ठरतात, त्यामुळे ही दुरुस्ती दोन आठवड्यांत झाली तर त्याचा हंगाम वाचेल. खटल्याचा निकाल काय लागायचा तो लागेल. तो लागला की त्याचीही प्रत कार्यालयात आणून देईन.

आपली,
तालुका कोर्टात वकिली करणारी एक वाचक,
जि. बीड